कढी फुटू नये म्हणून

वाचकहो, कढी करताना ताकाला बेसन लावण्याची रीत आपल्या घरोघरी आहे. बेसन लावले नाही, तर उकळी येताच ताक फुटते. चोथा आणि पाणी वेगळे होते. बेसनातील पिष्ट ताकातील प्रथिनांना गोळा होऊ देत नाही. अन्न असे एकजीव ठेवणाऱ्या द्रव्याला स्थिरक म्हणतात.

परवा एका मातेने अंडेविरहित मेयोनीजची बाटली माझ्या टेबलावर ठेवली. तिच्या सहा वर्षांच्या मुलाला अंड्याची ॲलर्जी आहे. एका वाढदिवशी केक खाऊन ओठ सुजल्याने त्याला रात्री रुग्णालयात हलवावे लागले होते. बाटलीवर ‘वनस्पतिजन्य स्थिरक’ असे छापलेले होते. तिने विचारले, “डॉक्टर, वनस्पतीचे आहे म्हणजे निर्धोकच ना?”

मेयोनीज म्हणजे व्हिनेगरच्या पाण्यात तरंगणारे तेलाचे असंख्य सूक्ष्म थेंब. अंड्याच्या बलकातील लेसिथिन त्यांना एकमेकांत मिसळू देत नाही. अंडे वगळले की हे काम दुसऱ्या कोणी करावे लागते, आणि असे मदतनीस पुष्कळदा शेतमालाच्या टाकाऊ भागातून मिळतात. सोयाबीनचे तेल शुद्ध करताना उरणाऱ्या चिकट गाळापासून लेसिथिन (३२२) मिळते. रस काढून उरलेली लिंबूवर्गीय फळांची साल किंवा सफरचंदाचा चोथा आम्लयुक्त गरम पाण्यात ठेवून, त्या पाण्यातून अल्कोहोलच्या साहाय्याने पेक्टिन (४४०) वेगळे करतात. सरकीवर उरलेल्या आखूड तंतूंपासून किंवा लाकडाच्या लगद्यापासून सीएमसी (४६६) तयार होते.

मूळ वनस्पतीचे असले, तरी या तिघांचे गुण सारखे नाहीत. पेक्टिन हा विरघळणारा तंतू आहे. आतड्यातील जीवाणू तो पचवतात, आणि दिवसाला ६ ग्रॅम पोटात गेल्यास कोलेस्टेरॉल राखण्यास तो साहाय्य करतो, हे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मान्य केले आहे. सीएमसीची गोष्ट निराळी. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ते दिलेल्या उंदरांच्या आतड्यात सौम्य दाह आढळला. पुढे माणसांवरील एका लहान प्रयोगात रोज १५ ग्रॅम सीएमसी ११ दिवस देण्यात आले, तेव्हा आतड्यातील जीवाणूंचे वैविध्य घटले. ही मात्रा नेहमीच्या आहारापेक्षा बरीच मोठी आहे, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. परंतु पाकिटबंद पदार्थ रोजचे होऊ नयेत, एवढा बोध त्यातून अवश्य घ्यावा.

त्या मातेला मी तीन गोष्टी सांगितल्या. ‘वनस्पतिजन्य’ हा शब्द ॲलर्जीवरचे उत्तर नव्हे. सोयाची ॲलर्जी असलेल्यास सोया लेसिथिनविषयी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. कंपन्या घटक बदलतात, म्हणून ॲलर्जीची सूचना प्रत्येक खरेदीच्या वेळी नव्याने वाचावी. आणि अंडे गेले तरी तेल जात नाही, चमचाभर पुरे.

वाचकहो, कारखाना सालीतून जे पेक्टिन काढतो, ते संत्र्याच्या फोडींवरील पांढऱ्या शिरांतही असते. आपण त्या निगुतीने सोलून टाकतो. पुढच्या वेळी त्या राहू द्या, आणि रस काढण्याऐवजी फोडी चावून खा.