ध्वनिफिती संगणकावर, मूळ आवाजाचे काय?

महाराष्ट्रातील असंख्य घरांत, संगीत मंडळांत आणि ग्रंथालयांत मैफली, कीर्तने, पोवाडे, व्याख्याने यांच्या कॅसेट व स्पूल फिती आजही पडून आहेत. बाजारात विकल्या गेलेल्या कॅसेटची दुसरी प्रत कोठे तरी मिळू शकते. मैफलीत हौसेने केलेल्या ध्वनिमुद्रणाची मात्र बहुधा एकच प्रत असते. संगणकामुळे या फितींचे जतन सामान्य माणसाच्या आवाक्यात आले आहे. परंतु हे काम घाईने झाल्यास आवाज वाचण्याऐवजी कायमचा बिघडण्याचाच संभव अधिक.

उलटलेली मुदत

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच चुंबकीय फितींसाठी २०२५ ही निर्वाणीची मुदत सांगितली होती. २०१९ मध्ये युनेस्कोच्या एका कार्यक्रमानेही ध्वनी संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेसह जगभरच्या संस्थांना असाच इशारा दिला. फितीवरील चुंबकीय कण धरून ठेवणारा थर दमट हवेत ओलावा शोषून चिकट होतो, फितीला बुरशी लागते, हे एक कारण. त्याहून मोठे कारण यंत्रांचे. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली कॅसेट अजून शाबूत असली, तरी ती नीट वाजवणारे यंत्र, त्याचे सुटे भाग आणि ते दुरुस्त करणारे हात दुर्मिळ होत चालले आहेत.

उतरवण्याचे गणित

या कामात घाई चालत नाही. नव्वद मिनिटांची कॅसेट चांगल्या प्रतीने उतरवण्यास नव्वद मिनिटे लागतातच. टेपरेकॉर्डरचे हेड स्वच्छ नसेल किंवा त्याचा कोन फितीशी जुळत नसेल, तर वरच्या पट्टीतील स्वर मंदावतात आणि ही उणीव नंतर पुरती भरून काढता येत नाही. सेकंदाला ९६ हजार नमुने आणि २४ बिट, अशी शिफारस वरील संघटनेने केली आहे. अशी एका तासाची स्टिरिओ डब्ल्यूएव्ही फाइल सुमारे दोन गिगाबाइट जागा घेते. १२८ किलोबिटची एमपी-थ्री फाइल जेमतेम ५८ मेगाबाइटची असते; परंतु ही बचत आवाजातील बारकावे गाळूनच साधलेली असते.

कात्री कोठे थांबावी?

खरा प्रश्न संपादनाचा आहे. २००० मध्ये आलेल्या ‘ऑडॅसिटी’सारख्या मोफत सॉफ्टवेअरने खरखर कमी करणे सोपे झाले. सॉफ्टवेअर शांत भागातील खरखरीचा नमुना घेते आणि त्याआधारे संपूर्ण ध्वनिमुद्रणातून तशी खरखर वजा करते. तिच्याबरोबर तानपुऱ्याची आस आणि गायकाचा श्वासही जाऊ शकतो. तबला जुळवणे, श्रोत्यांची दाद, निवेदकाने सांगितलेले राग व दिनांक हा ‘नको असलेला’ भाग कापला की ध्वनिमुद्रणाची ओळखच पुसली जाते. म्हणूनच काहीही न बदललेली फाइल प्रथम जपावी आणि संपादन केवळ तिच्या प्रतीवर करावे, हा नियम कळीचा ठरतो.

जात्यावरच्या ओव्यांचा धडा

याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुण्यातील हेमा राईरकर आणि गी पॉयटेव्हँ यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या. नव्वदच्या दशकात बर्नार बेल यांच्या सहभागाने १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झाले. ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गावही नोंदले गेल्यामुळेच २०१७ पासून ‘परी’ या संकेतस्थळाला हा ठेवा पुन्हा लोकांसमोर आणता आला.

गावोगावच्या मंडळांकडे एवढी साधने नाहीत, हे खरे. तथापि न कापलेली फाइल, तिच्या दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या प्रती आणि कोण, कोठे, केव्हा गायले याची नोंद, एवढे तर करता येण्यासारखे आहे. नोंद सांगू शकणारी माणसे वयोवृद्ध होत आहेत. खरखर उद्याही काढता येईल. त्यांच्या आठवणीतील नाव आजच लिहून घ्यायला हवे.