ब्राझीलमध्ये ३० टक्के इथेनॉल चालतं, मग आपल्याकडे २० टक्क्यांवर ओरड का?

भारतात २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पंपावर आलं आणि सोशल मीडियावर एक वाक्य हमखास दिसू लागलं. ब्राझीलमध्ये ३० टक्के चालतं, मग आपल्यालाच काय झालं?

आकडा खरा आहे. ऑगस्ट २०२५ पासून तिथल्या पेट्रोलमध्ये ३० टक्के इथेनॉल मिसळलं जातं. पण नुसत्या टक्क्यांवरून दोन देशांची तुलना होत नाही.

अमेरिकेचंच बघा. तिथे मक्यापासून इथेनॉल बनतं आणि मिश्रण बरीच वर्षं १० टक्क्यांच्या आसपास अडकलंय. तरीही वर्षाला ५ हजार कोटी लिटरहून जास्त इथेनॉल तिथे जळतं. भारतात २०२३-२४ मध्ये मिश्रण होतं १४.६ टक्के आणि इथेनॉल लागलं सुमारे ७०० कोटी लिटर. टक्के आपले जास्त, लिटर त्यांचे सातपट! युरोपात तर डिझेलच्या गाड्या भरपूर, त्यामुळे तिथे बायोडिझेलचा वाटा मोठा. फक्त इथेनॉलचा तक्ता पाहिला तर युरोप उगाच मागे वाटतो.

आता ब्राझील. १९७३ च्या तेलसंकटाने पोळल्यावर तिथल्या सरकारने १९७५ मध्ये उसापासून इथेनॉलचा कार्यक्रम सुरू केला. १९७९ मध्ये फक्त इथेनॉलवर चालणारी कार आली आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत विकल्या जाणाऱ्या बहुतेक नव्या कार तशाच होत्या. मग कच्चं तेल स्वस्त झालं, साखरेला भाव आला, कारखाने साखरेकडे वळले. १९८९-९० मध्ये इथेनॉलचा तुटवडा पडला, पंपांवर रांगा लागल्या. लोकांचा विश्वास उडाला तो उडालाच.

तो परत आला २००३ मध्ये, फ्लेक्स गाडीमुळे. या गाडीत पेट्रोल, इथेनॉल किंवा दोन्हींचं कसंही मिश्रण भरता येतं. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते. म्हणून तिथला चालक पंपावर सोपा हिशेब करतो. इथेनॉलचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर इथेनॉल, नाहीतर पेट्रोल. म्हणजे ३० टक्के हा तिथला पूर्ण खपही नाही, वेगळं विकलं जाणारं इथेनॉल त्याहून निराळं. हा खप दरानुसार वर-खाली होतो.

भारताचा आलेख मात्र सरळ वर गेलाय. २०१३-१४ मध्ये जेमतेम दीड टक्का, २०२२ मध्ये १० आणि २०२५ मध्ये २०. ब्राझीलला पन्नास वर्षं मिळाली, आपण बारा वर्षांत इथवर आलो. पण इथे चालकाला निवड जवळपास नाहीच, पंपावर जे आहे ते भरायचं. रस्त्यावर जुन्या गाड्या भरपूर आहेत. २० टक्के मिश्रणामुळे शून्य टक्क्यांसाठी बनवून १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या कारचं मायलेज ६ ते ७ टक्क्यांनी घटू शकतं, असा अंदाज नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात होता.

त्याच अहवालात आणखी एक शिफारस होती. कमी ऊर्जेची भरपाई म्हणून मिश्रित पेट्रोल साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त विकावं. तसं झालं नाही. इथेनॉलची खरेदी किंमतच आता पेट्रोलपेक्षा जास्त पडते, असं सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं.