लंडी खानाचे स्थानक

छत्रपती संभाजीनगर येथील सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून महाराष्ट्रातील मुलांना राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशपरीक्षेसाठी तयार करीत आहे. व्यापारी कुटुंबातील मुलाने तेथे जाण्याची इच्छा दर्शविली, की पेढी कोण सांभाळणार, हा प्रश्न निघतोच. अशा घरांत ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर यांचे चरित्र अवश्य वाचले जावे.

परुळकर १९६३ मध्ये हवाई दलात अधिकारी झाले. १९६५च्या युद्धात त्यांच्या विमानावर जमिनीवरून मारा झाला आणि उजव्या खांद्याला जखम झाली. विमान सोडून उडी घेण्याचा सल्ला मिळाला असताही त्यांनी ते तळावर सुखरूप परत आणले. या कामगिरीसाठी त्यांना वायुसेना पदक मिळाले. १० डिसेंबर १९७१ रोजी मात्र त्यांचे सुखोई-७ पाडले गेले आणि त्यांची रवानगी रावळपिंडीच्या युद्धकैदी छावणीत झाली.

जुलै १९७२ मध्ये सिमला करार झाला; सुटका आज ना उद्या होणारच होती. व्यवहाराच्या दृष्टीने पाहता पलायन हा निव्वळ आतबट्ट्याचा सौदा. परुळकरांनी तो हिशेब मांडलाच नाही. भत्त्यातून पैसे साठविले, भिंतीच्या विटा हळूहळू सैल केल्या आणि १२ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर ग्रेवाल व हरीश सिंहजी या सहकाऱ्यांसह ते बाहेर पडले. बसने पेशावर गाठून ते खैबर खिंडीतील लंडी कोतलला पोहोचले. अफगाण सीमा काही मैलांवर राहिली होती.

तेथे त्यांनी लंडी खानाचा रस्ता विचारला. नकाशात ते रेल्वेचे अखेरचे स्थानक होते. प्रत्यक्षात ते १९३२ मध्येच बंद झालेले. चाळीस वर्षांची जुनी नोंद! तहसील कचेरीतील एका कारकुनाला संशय आला आणि तिघेही पकडले गेले. त्या मुलखात हेर ठरले असते, तर जीव वाचणे कठीण होते. त्यांनी छावणीचे पूर्वीचे प्रमुख उस्मान हमीद यांच्याशी संपर्क साधावयास लावले. हमीद यांनी ओळख पटविली, म्हणून ते वाचले. प्राणांचे हे ऋण शत्रुपक्षाच्या अधिकाऱ्याचे होते, हे विसरून चालणार नाही.

१ डिसेंबर १९७२ रोजी ते तिघेही इतर कैदी वैमानिकांबरोबर वाघा सीमेवरून मायदेशी परतले. पुढे परुळकरांना विशिष्ट सेवा पदकही मिळाले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले.