संगनमताची ‘शिस्त’
अमेरिकेतील विद्यापीठे खुल्या स्पर्धेचे गोडवे गातात. परंतु बास्केटबॉलच्या सहायक प्रशिक्षकाचे वेतन ठरविताना ही स्पर्धा कोठे गेली? राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने १९९२पासून पहिल्या श्रेणीच्या प्रत्येक संघातील एका सहायकाची वार्षिक कमाई १६,००० डॉलरवर गोठविली. नवोदितांना संधी मिळावी, हा बहाणा! मुख्य प्रशिक्षकाच्या प्राप्तीला मात्र मर्यादा नव्हती. उमेदवारीच्या नावाखाली राबणारे हे सहायक अखेर न्यायालयात गेले. १९९८मध्ये अपील न्यायालयानेही हा नियम मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरविला. १९९९मध्ये संघटनेला ५ कोटी ४५ लाख डॉलरची तडजोड करावी लागली. मालकांचे संगनमत ‘शिस्त’ आणि श्रमिकांची एकजूट तेवढी ‘अडवणूक’, हा न्याय मैदानावरही चालू देता कामा नये.