जुन्या मोटारींत नवें गाणें

या सदरांत आम्ही बहुधा घरगुती गोष्टींविषयीं लिहितों. मोटारींतील गाण्याचें यंत्र ही घरगुती गोष्ट कशी, अशी शंका एखाद्या वाचकास येईल. परंतु ज्या घरांत मोटार एक आणि बसणारीं माणसें सात, त्या घरांत मोटार हा घराचाच एक फिरता माजघर असतो. तेथें कोणीं बोलावें, कोणीं ऐकावें आणि कोणीं गप्प बसावें, हे प्रश्न घरांतल्याप्रमाणेंच तेथेंही उपस्थित होतात. गेल्या होळीस आम्हांस याचा जो अनुभव आला, तो वाचकांच्या उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

आमची गाडी अँबॅसडर. ही जात १९५८ पासून २०१४ पर्यंत पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथें तयार होत असे. आतां ती तयार होणें बंद झालें आहे. त्यामुळें आमच्या गाडीचें स्थान घरांत जुन्या गड्यासारखें आहे. तिच्या खोडी सर्वांस ठाऊक आहेत आणि तिला निरोप द्यावा असें कोणीं सुचविलें तर अर्धी मंडळी रुसून बसतात. तिच्या डॅशबोर्डाखालीं पूर्वीं एक कॅसेटचें यंत्र टांगलेलें होतें. तें मुकें होऊन कित्येक वर्षें लोटलीं. त्याच्या जागीं नवा स्टिरिओ आणि चार स्पीकर बसवावे, असा हट्ट आमच्या पुतण्यानें धरला. वहिनींनीं त्यास पाठिंबा दिला. मातोश्री मात्र म्हणाल्या, "गाडी ही जाण्यासाठीं असते, गाण्यासाठीं नव्हे." हें वाक्य सर्वांनीं हंसून सोडून दिलें, त्यांत आम्हीही होतों.

आमचे धाकटे बंधु धारणीस नोकरीनिमित्त असतात. होळी हा मेळघाटांतील कोरकू लोकांचा सर्वांत मोठा सण. तो पाहण्यास सर्वांनीं यावें, असें त्यांचें आग्रहाचें बोलावणें होतें. निघण्याच्या आदल्या दिवशीं संध्याकाळीं पुतण्यानें गाडी एका दुकानीं नेली. दोन तासांत काम उरकून गाडी गात गात घरीं आली. दुकानाचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. घाई त्याच्याइतकीच आमचीही होती.

अमरावती ते धारणी हें अंतर सुमारें दीडशे किलोमीटर आहे. परतवाड्यापर्यंत रस्ता सपाट. तेथून पुढें घाट लागतो, आणि घटांग, सेमाडोह, हरिसाल अशीं गांवें घेत मेळघाटच्या सागवानी जंगलांतून आपण धारणीस पोंचतों. १९७३-७४ सालीं देशांत जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यांपैकीं मेळघाट हा एक. घाट चढूं लागतांच रेडिओ खरखरूं लागला. एफ. एम. च्या लहरी जवळजवळ सरळ रेषेंत जातात, डोंगर आडवा आला कीं त्या अडतात. पुतण्यानें मग आपल्या फोनवरचीं गाणीं लावलीं आणि खरखरीचा सूड म्हणून आवाज अधिकच चढविला.

मातोश्री मागील आसनावर, स्पीकरांच्या अगदीं पुढें बसल्या होत्या. त्यांस अलीकडे कमी ऐकूं येतें, म्हणून त्यांना आवाजाचा त्रास होणार नाहीं, अशी आमची समजूत. कमी ऐकूं येणाऱ्या माणसास गोंगाटांत शेजारचें बोलणें वेगळें काढणें अधिकच कठीण जातें, हें आमच्या ध्यानींही आलें नाहीं. घटांगच्या पुढें एका वळणावर त्या कांहींतरी बोलल्या. कोणीं लक्ष दिलें नाहीं. थोड्या वेळानें पुन्हां बोलल्या. वहिनींनीं मान डोलावली, कारण त्यांस वाटलें कीं सासूबाई गाण्याविषयीं बोलत आहेत. तिसऱ्या खेपेस त्यांनीं पुढें वांकून आमच्या खांद्यावर हात आपटला, तेव्हां शब्द ऐकूं आले : "अरे, कांहीं तरी जळतें आहे!"

गाडी थांबवीपर्यंत डॅशबोर्डाखालून धुराची रेघ निघूं लागली होती. मुलांस व मातोश्रींस उतरविलें, बॉनेट उघडलें, आणि पुढें काय करावें हें न सुचून आम्ही उभे राहिलों. फोनला तेथें रेंज नव्हती. सुदैवानें मागून एस. टी. ची गाडी आली. चालकानें धूर पाहिला, उडी टाकली, आणि पाना मागत ओरडला, "पयले बॅटरी तोडा, साहेब!" बॅटरीचें ऋण टोक सुटतांच धूर विरला. वायरचें आवरण हातभर वितळलें होतें. गालिच्यास नुकती धग लागली होती. आणखी पांच मिनिटें गाणें चाललें असतें तर आज हा लेख निराळ्या शब्दांत लिहावा लागला असता.

जळकी वायर कापून काढून आम्ही धारणीपर्यंत मुक्यानें गेलों. त्या रात्रीं होळीभोंवतीं कोरकूंचे ढोल वाजत होते, बासरी वाजत होती. कोठें यंत्र नव्हतें, आणि तरीही मातोश्री बंधूंशीं बोलत होत्या आणि त्यांचें बोलणें सर्वांस ऐकूं येत होतें.

परत आल्यावर एका वयस्क मोटार-इलेक्ट्रिशियनकडून सर्व काम नव्यानें करून घेतलें. त्यांनीं जें दाखविलें, तें जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकानें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

पहिली गोष्ट फ्यूजची. आमच्या यंत्राच्या पाठीस फ्यूज होता, म्हणून दुकानदारानें दुसरा घातला नव्हता. पण तो फ्यूज यंत्राचें रक्षण करितो, बॅटरीपासून यंत्रापर्यंतच्या वायरचें नाहीं. ती वायर इंजिनाच्या मागील पत्र्यांतील भोंकांतून आंत आणलेली होती आणि भोंकास रबरी कडें नव्हतें. घाटांतील हादऱ्यांनीं पत्र्याच्या धारेनें वायरचें आवरण कापलें गेलें. पत्रा म्हणजे बॅटरीचें दुसरें टोकच; दोन्ही टोकें भिडलीं आणि वायर लाल झाली. यास्तव वायरच्या जाडीस साजेसा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आंत असावा, आणि प्रत्येक भोंकास रबरी कडें असावें. खर्च किरकोळ, न केल्यास किंमत मोठी.

दुसरी गोष्ट रंगांची. नव्या यंत्रांस बहुधा पिवळी, तांबडी आणि काळी अशा तीन मुख्य वायरी असतात. पिवळीस बॅटरीचा प्रवाह सदैव हवा, कारण यंत्राची स्मृति तिच्यावर टिकते. तांबडीस किल्ली फिरविल्यावरच हवा. काळी गाडीच्या सांगाड्यास जोडावयाची. पिवळी आणि तांबडी एकत्र करून थेट बॅटरीस जोडल्या, तर यंत्र किल्ली काढल्यावरही जागें राहतें, आणि आठपंधरा दिवस उभी असलेली गाडी ऐन वेळीं चालू होत नाहीं. काळी वायर रंग खरवडलेल्या स्वच्छ पत्र्यास घट्ट आवळावी. ती ढिली राहिली कीं इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी एक बारीक शीळ गाण्यांत मिसळते. फार जुन्या इंग्रजी धाटणीच्या कांहीं गाड्यांत सांगाड्यास ऋण टोकाऐवजीं धन टोक जोडलेलें असे. तशी गाडी असल्यास हें आधीं तपासावें, नाहीं तर नवें यंत्र पहिल्याच क्षणीं निकामी होईल.

तिसरी गोष्ट स्पीकरांची. जुन्या यंत्रांत स्पीकरला पुष्कळदां एकच वायर जाई आणि परतीचा मार्ग गाडीच्या पत्र्यांतून असे. नव्या यंत्रांस हें चालत नाहीं; प्रत्येक स्पीकरला दोन स्वतंत्र वायरी न्याव्या आणि त्यांतील एकही पत्र्यास लागूं देऊं नये. शिवाय धन-ऋण टोकें सर्व स्पीकरांत एकसारखीं जोडलेलीं असावीं. एखादा उलटा जोडला गेला, तर एक पडदा पुढें ढकलतो तेव्हां दुसरा मागें ओढतो, आणि खालचे गंभीर सूर परस्परांस गिळून टाकतात. गाणें पोकळ लागतें. याची परीक्षा घरीं मुलांकडूनही करवितां येते. दीड व्होल्टचा साधा सेल सुट्या स्पीकरच्या टोकांस क्षणभर लावावा. पडदा बाहेर आला तर सेलचें धन टोक ज्यास लागलें तें स्पीकरचें धन टोक समजावें.

चौथी गोष्ट वॅटांची, आणि ती आमच्या मतें सर्वांत बोधप्रद आहे. आमच्या यंत्राच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत २०० वॅट असें छापलें होतें. इलेक्ट्रिशियननें मागील फ्यूज काढून दाखविला. तो १० अँपिअरचा. इंजिन चालू असतां गाडींत सुमारें १४ व्होल्ट असतात. १० ला १४ नें गुणलें कीं १४० होतात. जें यंत्र १४० वॅटांहून अधिक सतत घेऊंच शकत नाहीं, तें २०० वॅट सतत देणार कसें? प्रत्यक्षांत अशा यंत्राकडून दर स्पीकरला १५ ते २० वॅट मिळतात, आणि तेवढे पुरून उरतात. कारण आपल्या कानाचा हिशोब निराळा आहे : शक्ति दुप्पट केली तरी आवाज केवळ ३ डेसिबलनें चढतो, आणि तो दुप्पट वाटावा यासाठीं शक्ति सुमारें दहापट करावी लागते. मोठ्या आंकड्यांच्या मागें लागणाऱ्यानें पैसे दुप्पट द्यावे आणि फरक जेमतेम जाणवावा, असा हा व्यवहार आहे.

येथपर्यंतचें काम कुशल मनुष्य करून देऊं शकतो. पांचवी गोष्ट मात्र घरच्यांनींच करावयाची आहे. आवाज किती ठेवावा? पुतण्या म्हणतो, गाण्याची मजा येईल इतका. आम्ही म्हणतों, गाडींतील सर्वांत क्षीण आवाज ऐकूं येईल इतका. तो आवाज कधीं आजीचा असेल, कधीं मळमळूं लागलेल्या लहान मुलाचा, कधीं मागून येणाऱ्या गाडीच्या भोंग्याचा, तर कधीं इंजिनांत सुरू झालेल्या एखाद्या खडखडीचा. फ्यूज वायरीचें रक्षण करितो. माणसांचें रक्षण करणारा फ्यूज म्हणजे परस्परांचें बोलणें कानीं पडणें. त्या दिवशीं आमच्या गाडींत दोन्ही नव्हते. मातोश्रींस कमी ऐकूं येतें असें आम्ही सर्वत्र सांगत होतों; त्या वळणावर बहिरे आम्हीच होतों.

गेल्या महिन्यांत पुन्हां धारणीस जाण्याचा योग आला. या खेपेस पुतण्यानें यंत्रावरील आवाजाच्या मानकाची मर्यादा स्वतःच खालीं आणली आणि मागील स्पीकर पुढच्यांपेक्षां हलके केले. जंगल लागल्यावर त्यानें कोणीं न सांगतां यंत्र बंद केलें. वाघांच्या राज्यांतून जातांना पाहुण्यानें गाऊं नये, हें त्यास आतां पटलें आहे. हरिसाल मागें टाकून धारणी जवळ आली, तेव्हां त्यानें हळूच एक जुना अभंग लावला. कोणी बोललें नाहीं. थोड्या वेळानें मागून मातोश्रींचा आवाज आला, आणि तो पहिल्याच खेपेस सर्वांस ऐकूं आला :

"जरा मोठें कर रे, छान म्हणतो आहे."