गिऱ्हाइकाच्या हाती पाना

नवरात्र तोंडावर आलं की पाथर्डीतल्या गॅरेजांपुढे गाड्या दाटतात. मोहट्याहून देवीची ज्योत आणायला निघालेली पोरं असतात, पायी जाणाऱ्यांच्या मागे पाण्याचे कॅन घेऊन निघालेले असतात, सणाला पुण्याहून गावी आलेले असतात. सगळ्यांचं मागणं एकच : "मामा, गाडी लांब जाणार आहे, जरा बघून घ्या."

आपण बघून घेतो. चेन ताणतो, ऑइल बदलतो, क्लचची वायर आवळतो, पैसे घेतो आणि गाडी परत देतो. काय बघितलं ते मात्र सांगत नाही. गिऱ्हाईक टपरीवर चहा पीत बसलेलं असतं आणि आपल्यालाही ते बरंच वाटतं. माझं म्हणणं असं, की या महिन्यात त्याला चहावरून उठवा आणि पाना त्याच्या हाती द्या.

लांबच्या प्रवासाची गाडी म्हटलं की आता पेट्या लावलेली महागडी गाडी डोळ्यांपुढे येते. आपल्या तालुक्यात शंभर सीसीच्या गाडीवर नवरा-बायको आणि मध्ये पिशवी, अशी पुण्यापर्यंतची वाट नेहमी तुडवली जाते. ज्या 61 क्रमांकाच्या महामार्गाला लोक अजून कल्याण-विशाखापट्टणम म्हणतात, तो माळशेज चढून येतो आणि नगर सोडल्यावर करंजीच्या घाटातून आपल्याकडे उतरतो. घाटात रात्री गाडी बंद पडली तर तिथे तुम्ही नसता, मीही नसतो. असतो तो फक्त गाडीवाला. त्याला जेवढं येतं तेवढंच त्या वेळी कामाचं.

चेनचंच घ्या. ढिलाई किती हवी ते प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. रोजच्या वापरातल्या बऱ्याच गाड्यांना ती 20 ते 30 मिलीमीटर असते. पण ती मोजताना चाक हाताने फिरवून चेन जिथे सर्वांत ताठ येते ती जागा शोधावी लागते, कारण झिजलेली चेन सगळीकडे सारखी नसते. गाडीवर दोन माणसं आणि सामान बसलं की मागचा भाग दबतो आणि चेन आणखी ताणली जाते. म्हणून "लांब जायचंय, घट्ट करा" म्हणणाऱ्याचं ऐकून चेन ताठ केली की स्प्रॉकेट तर खातेच, इंजिनाच्या शाफ्टच्या बेअरिंगवरही जोर येतो. हे एकदा त्याच्या बोटांना कळू द्या. खालच्या बाजूच्या चेनला मधोमध बोट लावून वर-खाली करायला सांगा. पट्टी धरून अंतर दाखवा. दोन्ही बाजूंच्या अॅडजस्टरच्या खुणा सारख्या आहेत ना, तेही त्यालाच बघायला लावा.

साफसफाई डिझेलने किंवा रॉकेलने, मऊ ब्रशने. ओ-रिंगची चेन असेल तर पेट्रोल आणि तारेचा ब्रश लांब ठेवायचा, कारण रबर गेलं की आतलं ग्रीस गेलं. मग 90 नंबरचं गिअर ऑइल खालच्या चेनच्या आतल्या अंगाला थेंब थेंब सोडायचं. चाक फिरलं की ते आपोआप बाहेरच्या बाजूला पसरतं. गाडी चालवून आल्यावर, चेन कोमट असताना हे केलं तर उत्तम. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. गाडी डबल स्टँडवर गिअरमध्ये चालू ठेवून फडक्याने चेन पुसायची सवय आपल्यातल्या अनेकांना आहे. ते बघून गिऱ्हाईकही घरी तसंच करतं. फडकं चेनमध्ये ओढलं गेलं की बोट मागोमाग जातं. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, चाक हाताने. यात सूट नाही.

ज्योतीबरोबर जाणाऱ्या गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. पळणाऱ्याच्या मागे पहिल्या गिअरमध्ये, अर्धा क्लच दाबून गाडी तासन् तास रांगत राहते. हवेवर गार होणाऱ्या इंजिनाला तेव्हा हवाच मिळत नाही आणि क्लच प्लेटा जळतात. मंडळाच्या पोरांना सांगा : उजेडासाठी आणि मागून येणाऱ्या वाहनांना दिसावं म्हणून एकच गाडी मागे ठेवा, तीही पाळीपाळीने बदला. बाकीच्यांनी अर्धा किलोमीटर पुढे जाऊन, रस्त्याच्या कडेला गाड्या बंद करून थांबावं. निघण्याआधी ऑइलची पातळी सपाट जागी, गाडी सरळ उभी करून बघावी. डिपस्टिक फिरवून बसवायची की नुसती टेकवायची, हे गाडीगणिक बदलतं आणि तिथेच माप चुकतं.

आता जादा दिव्यांबद्दल. सणाच्या आधी सर्वांत जास्त मागणी त्यांचीच असते, म्हणून माझा अनुभव सांगतो. जुन्या साडेतीनशेच्या गाडीत मी एकदा 60/55 वॅटचा बल्ब काढून 100/90 चा बसवला होता. हिशेब केला नव्हता. 12 व्होल्टवर 55 वॅटला साधारण 4.6 अँपिअर लागतात, 90 वॅटला साडेसात. तारेतली आणि जोडातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे ती अडीचपटीच्या वर गेली. करंजी घाटात जळका वास आला, होल्डर वितळला आणि पुढचा रस्ता काळाकुट्ट झाला. मागे बसलेल्या भावाने मोबाइलचा उजेड धरला, तसे आम्ही पायी गाडी ढकलत खाली आलो. त्यानंतर मी कुणालाही फ्यूज आणि रिलेशिवाय जादा दिवा बसवून दिलेला नाही. बॅटरीपासून जाड तार, तिच्यावर बॅटरीजवळच फ्यूज, आणि मूळ स्विचकडून फक्त रिलेला इशारा. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत तर सेन्सरच्या तारांना टाचणी लावून करंट घेणं म्हणजे नसती दुखणी ओढवून घेणं. त्या दिव्याचा फ्यूज कुठे आहे ते गाडीवाल्याला दाखवा, आणि सीटखाली दोन जादा फ्यूज टाका. सायलेन्सर बदलून मागणाऱ्याला मात्र सरळ नाही म्हणा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 त्याच्या आड येतं.

काही जण म्हणतील, सगळं शिकवलं तर आपण खायचं काय? माझा अनुभव उलटा आहे. चेनला स्वतः तेल घालणारा माणूस स्प्रॉकेटचा दात वाकलेला आधी ओळखतो आणि चेन सेट बदलायला वेळेवर येतो. न शिकलेला येतो तो चेन तुटून केसला भोक पडल्यावर, आणि मग आपल्यावरच चिडतो. वाल्व्ह, क्लच प्लेटा, इंजिनाचं काम, ब्रेक ऑइल बदलून हवा काढणं ही कामं गॅरेजचीच आहेत आणि राहतील.

खंडेनवमीला आपण पाने, टी, पकडी धुऊन पुसून मांडतो, हळद-कुंकू वाहतो. त्या दिवशी मोठं काम तसंही कुणी काढत नाही. पूजा झाली की एक गाडी दारात डबल स्टँडवर घ्या आणि आलेल्या चार पोरांना बोलवा. चेनच्या लॉकपासून सुरुवात करा : क्लिपचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला, उघडं तोंड मागे.