अर्धवट टाक्यांचा उन्हाळा

एप्रिल उजाडला की आपल्याकडे दोन कामं ठरलेली. गच्चीवर वाळवणं घालायची आणि थंडीचे कपडे ऊन दाखवून पेटीत ठेवायचे. परवा तेच करत होते, तर कपाटाच्या तळाशी दोन पिशव्या निघाल्या. एकीत बाह्या नसलेला स्वेटर, दुसरीत क्रोशाच्या टेबलक्लॉथची १९ फुलं. लागणार होती ३६. स्वेटर ज्या भाच्यासाठी घातला होता तो आता सातवीत आहे. "असू दे गं, त्याच्या मुलाला होईल," सासूबाई म्हणाल्या. मी हसले, पण मनाला लागलंच.

महिला मंडळात हे सांगितलं, तर प्रत्येकीच्या घरी अशी एक पिशवी निघाली! गंमत म्हणजे सगळ्या जणी हळू आवाजात बोलत होत्या, जणू काही गुन्हाच केलाय. "माझ्या हातून काही तडीला जात नाही बाई," असं एक जण म्हणाली. मी विचारलं, विणणं थांबलं कधी? तर सासऱ्यांचं ऑपरेशन निघालं तेव्हा. दुसरीचं मुलीच्या दहावीत थांबलं, तिसरीचं दिराच्या लग्नात. म्हणजे सुई खाली ठेवायला लावणारी प्रत्येक हाक घरातलीच होती. मग दोष आपल्या हातांचा कसा?

विणकामाला आपण 'फावल्या वेळातलं काम' म्हणतो. फावला वेळ आहे कुठे? केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात, पुरुषांचे ९७, असं दिसलं. मुलांचं, म्हाताऱ्यांचं करणं त्यात धरलेलंच नाही.

त्यात उन्हाळा. आपल्या विदर्भात मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो. आपण 'लोकर' म्हणून आणतो ती बहुतेक वेळा अॅक्रिलिक असते. ती घाम शोषत नाही. हात चिकट होतात, टाके सुईवर सरकत नाहीत आणि घट्ट पडतात. डिसेंबरातली पाठ आणि मेमधला पुढचा भाग यांचं माप मग जुळत नाही. म्हणून मांडीवर मोठा स्वेटर घेऊन बसूच नका. विणायचंच असेल तर टोपी, मोजे असं लहान काम घ्या. नाहीतर क्रोशाची सुई काढा. सुती दोरा घाम टिपतो, आणि एकेक फूल वेगळं असल्यानं दुपारच्या अर्ध्या तासातही काहीतरी पुरं झाल्याचं समाधान मिळतं.

उरलेलं नीट ठेवा. टाके सुईवर तसेच सोडू नका, वेगळ्या रंगाच्या सुती दोऱ्यात ओवून गाठ मारा. सुईचा नंबर, किती ओळी झाल्या ते कागदावर लिहून पिशवीत टाका. लोकरीच्या गुंड्यावरचा कागदही जपा, त्यावर लॉट नंबर असतो. पुढच्या लॉटचा रंग हमखास वेगळा दिसतो. खऱ्या लोकरीला कसर लागते. ती घामाच्या, खाण्याच्या डागांवर आधी बसते, म्हणून धुऊन, पूर्ण वाळवूनच बंद पिशवीत ठेवा. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत मात्र डांबरगोळ्या नकोत. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एक दोष असतो, त्यांना त्या वासानंसुद्धा रक्तातल्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते.

आणि एकदा मन घट्ट करून ठरवा, काय पुरं करायचं, काय उसवायचं, काय दुसरीला द्यायचं. उसवणं म्हणजे हार नव्हे. उसवलेल्या लोकरीची लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यातून काढून सावलीत टांगा. वळ्या जातात, लोकर पुन्हा कामाला येते. आपल्याच अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला थंडी चांगलीच असते. तिकडच्या लेकरांसाठी गरम कपड्यांची आठवण आपल्याला डिसेंबरात होते, तेव्हा विणायला वेळ उरत नाही. आत्ता महिन्याला एक टोपी केली, तरी दिवाळीपर्यंत सहा होतील.

मी भाच्याचा स्वेटर उसवला. दोन टोप्या नक्की निघतील. १९ फुलांपैकी १६ जोडली, चार ओळींत चार, टीपॉयला छान बसली. टेबल उघडंच राहिलं, राहू दे. उरलेली तीन फुलं सासूबाईंनी देव्हाऱ्यात अंथरायला मागून घेतली.

एक मात्र नव्यानं शिकते आहे. दुपारी हातात सुई असताना हाक आली की पूर्वी मी ओळ अर्धी सोडून उठायचे. आता म्हणते, "एवढी ओळ होऊ दे, मग येते." पहिल्या दिवशी सगळे बघतच राहिले. मैत्रिणींनो, तुम्हीही म्हणून बघा. घर थांबतं हो तेवढा वेळ.